धनेशने पाचशे चाळीसवर थांबवलं होतं

धनेश मोंडकर कीबोर्डला हात लावण्याआधी स्वतःची बोटं हुंगत असे. माशांचा वास आला तर पुन्हा धुऊन येई. टेबलाच्या खणात लिंबाची साल कायम असायची.

चहा बशीत ओतला की तो बशीच्या तळाला मनगट लावून बघे. मग पिई.

पंख्यातली धूळ त्याने कधी तोंडाने फुंकली नाही. "थुंकी उडता," म्हणायचा. त्यासाठी रंगाचा एक मऊ ब्रश होता.

लॅपटॉप उघडायचा झाला की आधी कागदावर त्याचा आकार काढायचा. जो स्क्रू जिथला, तो त्या कागदावर तिथे ठेवायचा. तेवढा वेळ छताचा पंखा बंद. गिऱ्हाईक घामाने निथळलं तरी बंद.

एसटीत तो आईपासून चार बाकं लांब बसे. ती माशांची टोपली घेऊन मागे, तो मशीनची बॅग मांडीवर घेऊन पुढे. उतरल्यावर मात्र टोपली तोच तिच्या डोक्यावर चढवून द्यायचा. मग परत हात हुंगायचा.

जेवताना बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला लहानापासून मोठ्यापर्यंत लावून ठेवायचा.

आणि तो 'वाईच' म्हणत नसे. आमच्याकडे सगळं वाईच असतं. वाईच बस, वाईच मीठ घाल, वाईच पुढे सरक. वाईच म्हणजे थोडंसं. किती थोडंसं, ते ज्याने त्याने समजायचं. धनेश विचारायचा, "वाईच म्हणजे किती? आकडो सांग."

एक सप्टेंबरला तो गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. आता दिवाळी होऊन गेली आहे.

आमच्या कट्टा गावच्या बाजारात अजून कुणी ना कुणी म्हणतं, किरणच्या, म्हणजे माझ्या, भावाचा लॅपटॉप धनेशने जाळला. ते खरं नाही. तो लॅपटॉप मी घालवला. धनेशला हे माहीत नव्हतं. आपलंच कुठेतरी चुकलं असं समजून तो गेला.

म्हणून हे लिहितो आहे.

धनेश सर्जेकोटचा. घर समुद्राला लागून. वडील गंगाराम, त्यांची छोटी मशीन लावलेली होडी. आई शेवंतीकाकी सकाळच्या गाडीने मासे घेऊन कट्ट्याला यायची आणि बाजारात विकायची. अशा घरातला हा मुलगा होडीत बसला की ओकायचा. तीन वेळा नेला, तिन्ही वेळा ओकला. चौथ्या वेळी वडिलांनी नेला नाही.

"मोंडकराच्या झिलाक समुद्र लागता," गावात हसायचे. "उद्या मासो बुडलो म्हणान सांगतले."

धनेशही हसायचा. त्याने आयटीआय केलं. म्हापशाला एका दुकानात दोन वर्षं कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला. दोन हजार सातमध्ये कट्ट्याच्या स्टॉपसमोर एक गाळा घेतला. माझं घर तिथून पाच मिनिटांवर. मी तेव्हा मराठी घेऊन बी.ए. करत होतो. प्रिंट काढायला जायचो आणि बसून राहायचो. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तरी पहिल्या दिवसापासून आम्ही अरे-तुरेवरच होतो.

"कविता करतंस?" त्याने एकदा विचारलं.

"करतंय."

"ती बरी झाली की वायट, कसा कळता?"

"वाचल्यावर कळता."

"म्हणजे मोजूक येणा नाय." तो खरोखर हळहळला. "कठीण काम आसा रे तुझा."

माझा मोठा भाऊ बोटीवर इंजिनखात्यात असतो. घरात सगळे त्याला भाईच म्हणतात. दोन हजार नऊच्या दिवाळीत तो सुट्टीवर आला तेव्हा लॅपटॉप घेऊन आला. जाताना घरी ठेवून गेला. "वापर, पण सांभाळ," म्हणाला. "मे महिन्यात येतंय. पुढच्या परीक्षेचो अभ्यास त्येच्यावरच करूचो आसा."

त्याच दिवाळीत विकी आला होता. माझा मावसभाऊ, दोडामार्गचा, रोज कामाला गोव्यात जाणारा. त्याच्याकडे घरी मोठा कॉम्प्युटर, खास खेळांसाठी जुळवून घेतलेला. त्याने आमच्या लॅपटॉपवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला आणि पाच मिनिटांत हसायला लागला.

"किरणा, ही बैलगाडी रे! मे महिन्यात माझो डबो घेवन येतंय. केबल लावन खेळूया. तवसर बैल बदल."

मी लॅपटॉप घेऊन धनेशकडे गेलो.

"गाड्यांचो खेळ लावलो की अडकता," मी सांगितलं.

"अडकता म्हणजे? सेकंदाक किती चित्रां?"

"ता माका काय माहीत?"

"मगे अडकता असा कोणी सांगल्यान?"

"विकीन. बैलगाडी म्हणता. बैल बदल म्हणान सांगल्यान."

"विकीक पण माहीत नाय." त्याने लॅपटॉप उलटा केला, मनगट लावलं. "बैल बदलूक येवचो नाय. लॅपटॉपात कार्ड जोडूनच देतत. पण तोच बैल वाईट चलता की आम्ही वाईट हाकतो, ता बघूया."

त्याने मला जे समजावलं ते असं. पडद्यावरची चित्रं काढणारा जो भाग असतो, ते ग्राफिक कार्ड. कारखान्यातून त्याचा वेग ठरवून देतात. आमच्यात तो चारशे ऐंशी मेगाहर्ट्झ होता. एका छोट्या प्रोग्रॅममधून तो वाढवता येतो. वेग वाढला की चित्रं भराभर होतात, खेळ अडखळत नाही. पण उष्णताही वाढते, आणि लॅपटॉपच्या पोटात वाऱ्याला जागा नसते. मोठ्या डब्यात जे चालतं ते इथे चालत नाही.

म्हणून त्याने आधी वेगाला हातच लावला नाही. पंखा साफ केला. कार्डावरची, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट सुकली होती, ती स्पिरिटने पुसली, नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी. लॅपटॉपच्या मागच्या बाजूखाली लाकडाचे दोन तुकडे ठेवले, हवा आत जावी म्हणून. नुसत्या एवढ्याने तापमान सात अंशांनी उतरलं.

"आता चढवूया," मी म्हणालो.

"हंय नाय. दुकानात धा माणसां येतत. घरी न्हेतंय. पंधरा दिवस लागतले."

"पंधरा दिवस? विकी एका दिवसात शंभर चढवता."

"चढवंदे."

एका रविवारी मी सर्जेकोटला गेलो. जानेवारीचे दिवस होते. समुद्राकडच्या खिडकीत टेबल, टेबलावर आमचा लॅपटॉप, शेजारी शाळकरी वही. धनेश दहाने वेग वाढवायचा, अर्धा तास गाडी पळवायचा, तापमान लिहायचा. मग परत दहा. शर्यत जिंकण्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. गाडी कठड्याला घासत होती आणि हा कोपऱ्यातला आकडा बघत होता.

वेग फार झाला की पडद्यावर ठिपके चमकायला लागतात. धनेश त्यांना खवले म्हणायचा. "खवले दिसले की मागे फिरायचा. आणि नव्वद अंशांक शिवायचा नाय. खवले नसले तरी शिवायचा नाय. विजेच्या दाबाक तर हातच लावचो नाय."

"आणि वाईच शिवला तर?"

"किती?"



खवले पाचशे सत्तरला दिसले. तो पाचशे पन्नासवर आला. तिथे तापमान एक्याण्णव. मग पाचशे चाळीस. शहाऐंशी. तिथे त्याने आठवडाभर रोज तपासलं आणि मगच तो आकडा कायम केला.

"पन्नासार पण चलता होता मा?" मी म्हटलं.

"चलता होता. पण बाबा सांगतत, जाताना इंजिनाचो सगळो जोर लावचो नाय. परत येवचा आसता."

शेवंतीकाकी आतून ताटं घेऊन आली. "ह्यो पंधरा दिवस त्या डब्याचो ताप बघता," ती मला म्हणाली. "आवशीक कधी विचारल्यान नाय, गो तुका ताप इलो काय म्हणान."

"तुझो आकडो खंय दिसता गे?" धनेश म्हणाला.

लॅपटॉप परत देताना त्याने खालच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली होती. '५४०. याच्यापुढे नाही. ध. मों.'

"कविता करणाऱ्याच्या हातात देतंय," तो म्हणाला, "म्हणान लिवन ठेवलंय."

खेळ सुरेख चालायला लागला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलमध्ये उकाडा वाढला. पाचशे चाळीसलाच तापमान एकोणनव्वद दाखवायला लागलं. धनेशने सांगितलं, "मे संपासर पाचशे वीसार खेळ. पावसात परत चाळीस करूया."

त्याच आठवड्यात विकीचा फोन आला. दोन मेला येतोय म्हणाला. "माझो सेकंदाक साठ चित्रां काढता. तुझी बैलगाडी?"

मला तोवर मोजता येत होतं. माझी अडतीस.

सव्वीस एप्रिलची दुपार. आई-बाबा लग्नाला गेले होते. मी बाजारात गेलो. शेवंतीकाकीचे मासे संपत आले होते. तिच्याकडे थर्माकोलचा खोका असायचा, बर्फ भरलेला.

"काकी, वाईच बर्फ दी गे."

"कित्याक रे? सरबत करतंस?"

"मासे ठेवक."

"आणि मासे कोणाकडसून घेतलंस? माका सोडून?" आजूबाजूच्या बायका हसल्या. "ने तो खोकोच. पण मीठ मारलेला आसा हां त्येच्यात. सरबतात घालशीत आणि माझ्या नावान बोंबलशीत."

मी खोका घरी आणला. झाकणाला सुरीने भोकं पाडली आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. दहा मिनिटांत तापमान एकसष्टवर आलं. पाचशे चाळीसला एकसष्ट. धनेशला पंधरा दिवसांत हे जमलं नव्हतं. मला खूप आनंद झाला, हे मी लिहिलं पाहिजे.

पाचशे साठ केलं. मग पाचशे ऐंशी. सहाशे. सहाशे वीस. अर्ध्या अर्ध्या तासाची वाट कुणी बघायची? मध्ये खवले दिसले, पण तापमान सत्तरच्या खाली होतं. मी म्हटलं, नव्वद कुठे आणि सत्तर कुठे. चित्रं पन्नासच्या वर गेली. मी कोपऱ्यातला आकडा बघत होतो. लॅपटॉपच्या पोटात पाणी धरत होतं, ते बघत नव्हतो. पंखा खालून ती खारट, ओली हवा आत ओढत होता. मध्येच मी खोका पुढे ओढला तेव्हा भोकातून बर्फाचं पाणीही उसळलं असावं.

पडदा बांगड्याच्या पाठीसारखा झाला. मग काळा.

मी लॅपटॉप पुसला. दोन दिवस पंख्याखाली उलटा ठेवला. चिठ्ठीची शाई थोडी पसरली होती. बर्फ माडाच्या बुडाशी ओतला. खोका धुऊन काकीला परत दिला. "मासे बरे रवले?" तिने विचारलं. हो म्हटलं.

चौथ्या दिवशी दुकानात गेलो. लॅपटॉप सुरूच होत नव्हता, त्यामुळे मी वेग किती चढवला ते कुणाला दिसणार नव्हतं. हे मी वाटेत मोजून ठेवलं होतं.

"काय केलंस?" धनेशने विचारलं.

"कायच नाय. खेळता खेळता बंद झालो."

"आकडो वाढवलंस?"

"नाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वाईच पण नाय?"

हा शब्द त्याने माझ्यासाठी वापरला होता. मला जागा करून दिली होती. वाईच वाढवला, एवढं म्हटलं असतं तरी पुढचं त्याने हळूहळू काढून घेतलं असतं, आणि हसला असता.

"नाय," मी म्हणालो.

त्याने छताचा पंखा बंद केला. कागदावर आकार काढला. एकेक स्क्रू काढला. कार्डाभोवती तांब्यावर हिरवं आलं होतं, आणि पंख्याच्या तोंडाशी पांढरं. त्याने ते पांढरं बोटाच्या टोकावर घेतलं आणि जिभेला लावलं.

"मीठ," तो म्हणाला.

मी कागदावरचे स्क्रू मोजत राहिलो.

"कट्ट्याक मीठ खंयसून येतला? हंय समुद्र नाय." तो पुन्हा आत बघत बसला. स्टॉपवर मालवणची गाडी येऊन गेली. मग तो अगदी हळू म्हणाला, "माझ्या खिडकीत होतो मा पंधरा दिवस."

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याला काहीही करता येतं. खिडकीचे गज खातो, सायकलची साखळी खातो, पत्रे खातो. वस्तूत मीठ दिसलं की कुणी दुसरं कारण शोधत नाही. समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाने तेच मानलं. मी मानू दिलं.

कार्ड गेलं होतं, त्याच्याबरोबर सगळा बोर्ड. डिस्क वाचली होती. त्यातले भाईचे बंदराबंदरांतले फोटो धनेशने सीडींवर काढून दिले, प्रत्येक सीडीवर बंदराचं नाव घालून.

विकीला मी सांगितलं, लॅपटॉप बिघडला, येऊ नको. तो म्हणाला, "बैल मेलो?" आणि विसरून गेला.

मेच्या शेवटी भाई आला. तिसऱ्या दिवशी मला घेऊन दुकानात गेला. स्टॉपवर सावंतवाडीच्या गाडीची माणसं उभी होती.

"तुझ्याकडे कित्याक दिललो रे ह्येना?" भाई म्हणाला. "चलता लॅपटॉप होतो."

धनेश उठून उभा राहिला. "भाई, चूक माझी. समुद्रासमोर उघडो ठेवलंय. मीठ गेला आत."

"समुद्रासमोर? सर्जेकोटचो तू, आणि तुका समुद्र काय करता ता माहीत नाय?"

"माहीत होता. तरी चुकलंय."

"मी बोटीर रवतंय. चोवीस तास खारो वारो. तिकडे दोन महिने होतो माझ्याकडे, काय झाला नाय. तुझ्या खिडकीत पंधरा दिवसांत मेलो?"

धनेशने मान वर केली. त्याला हा मुद्दा नवीन होता. तो त्यावर विचार करायला लागला, भाईच्या बोलण्याच्या मध्येच. भाईला वाटलं हा आपल्याकडे दुर्लक्ष करतोय. त्याचा आवाज चढला.

"तुझी भरपाई नको माका. फक्त परत कोणाच्या मशीनाक हात लावू नको. ह्येच्या हातात रेडिओ पण देव नको रे कोणी!"

हे शेवटचं स्टॉपकडे तोंड करून होतं. सगळ्यांनी ऐकलं. मी तेव्हा भिंतीवरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचत होतो. मालवण, सात पंचेचाळीस. ओरोस, आठ दहा. अजून पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली. 'ग्राफिक कार्डाचे व लॅपटॉप उघडण्याचे काम तूर्त बंद आहे.' प्रिंट आणि झेरॉक्स चालू होतं. लॅपटॉपवाले कुडाळला जायला लागले. काही जण पाटी वाचून हसायचे. काही जण शेवंतीकाकीला मासे घेता घेता विचारायचे, "झील आता काय करता?"

मी त्याला म्हटलं, "लोक इसरतले रे. परत चालू कर."

"लोकांचा जावंदे. माका कळाक व्हया. कसा झाला ता कळल्याशिवाय दुसऱ्याचा मशीन कसा उघडू?"

त्याने म्हापशाहून तेच कार्ड असलेला एक बंद पडलेला लॅपटॉप आणला आणि चालू केला. पाच जूनला तो त्याच खिडकीत, त्याच टेबलावर, पाचशे चाळीसवर ठेवला. तेवढेच तास चालवायचा. वहीत चार रकाने केले. दिवस, वेग, तापमान, मीठ.

जुलैच्या शेवटी मी गेलो तेव्हा पाऊस तिरका येत होता. होड्या वर ओढून झावळांनी झाकल्या होत्या. धनेशने वही माझ्यासमोर ठेवली.

"पंधरा दिवसांनी उघडलंय. मीठ नाय. तीस दिवसांनी उघडलंय. मीठ नाय. काल पन्नास झाले. स्क्रूंक गंज इलो, आत मीठ नाय." त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "भाई बोललो ता खरा. पंधरा दिवसांत जाणा नाय. मगे तुझ्यात गेला कसा?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. बर्फ तुझ्या आईचा होता. एवढंच. एकदा ते बोललो असतो तर पुढचं त्यानेच जुळवलं असतं.

"ह्यो पावसातलो वारो," मी म्हणालो. "माझो जानेवारीत होतो. तेव्हाचो वारो वेगळो आसतलो."

धनेशने पेन घेतलं आणि ते लिहून घेतलं.

"ता माझ्या डोक्यात येवक नाय," तो म्हणाला. "बरा सांगलंस." त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग सवयीने तो हात हुंगला.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी ठरवलं, चतुर्थीला सांगायचं. अकरा सप्टेंबरला चतुर्थी होती. त्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. घर भरलेलं असतं, माणसं हसत असतात, आरतीनंतर त्याला बाहेर पायरीवर घेऊन सांगेन. भाईलाही फोन करेन. मी वाक्यंसुद्धा जुळवली होती. तिसऱ्या वाक्यावर तो काय म्हणेल तेही ठरवलं होतं.

अठ्ठावीस ऑगस्टला, शनिवारी, त्याचा फोन आला.

"दुकान बंद आसा. ताप इलो."

"वाईच की जास्त?"

"एकशे तीन," तो म्हणाला आणि हसला. मग खोकला.

"बुधवारी येतंय बघूक," मी म्हटलं.

सोमवारी त्याला ओरोसच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ताप रक्तात भिनला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. बुधवारी सकाळी तो गेला. मी दहाच्या गाडीने निघालो होतो. स्टॉपवरच कळलं. त्याच्या बंद दुकानासमोर उभं राहून ऐकलं. पाटी तशीच होती.

तेरावं झाल्यावर मी सर्जेकोटला गेलो. गंगारामकाका होडीवर होते. काकी ओटीवर बसली होती. बाजारात ती अजून जायला लागली नव्हती. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. क्रमाने, आकड्यांसकट. सहाशे वीसपर्यंत.

तिला आकडे कळले नाहीत. ती फक्त एका ठिकाणी थांबली.

"माझ्या खोक्यातलो बर्फ?"

"होय."

"त्येच्यात मीठ होता."

"होय."

"मीठ मीच मारलेलंय."

"काकी, तुझी चूक नाय..."

"तुका मी विचारूक नाय," ती म्हणाली.

कोंबडी ओटीवर चढली. काकीने ती हाकलली नाही. तिने पदराने तोंड पुसलं.

"तेका सांगूक व्हया होता रे किरणा. तो रागावलो नसतो. तुझ्यार तर नायच. तीन महिने जेवणात लक्ष नव्हता तेचा. रोज त्या खिडकीत. मी म्हणी, सोड रे तो डबो. तर म्हणा, आई, कळाक व्हया."



ती आत गेली आणि वही घेऊन आली. "तुका वाचूक येता. शेवटाक काय लिवल्यान ता वाच."

मी वही उघडली. रकाने सरळ आखलेले होते. दिवस ऐंशी. पाचशे चाळीस. चौऱ्याऐंशी अंश. मीठ नाही. दिवस एक्याऐंशी. पाचशे चाळीस. चौऱ्याऐंशी. मीठ नाही. असं चौऱ्याऐंशीव्या दिवसापर्यंत होतं. ती सत्तावीस ऑगस्टची ओळ. त्यानंतर तापामुळे त्याने लिहिलं नसावं.

खाली, रकान्यांच्या बाहेर, वेगळ्या शाईत दोन ओळी होत्या. त्या मी काकीला मोठ्याने वाचून दाखवल्या.

'किरण म्हणतो ऋतूचा फरक असेल. ही चाचणी एक जानेवारीपासून पुन्हा सुरू करणे.'